पोलिश घरी पहिलं रविवारचं जेवण: काय न्यावं, काय बोलावं, कुठे चुकतं

प्रश्न असा आहे: पुण्याहून दीड महिन्यापूर्वी पोलंडमधल्या व्रॉत्स्वाफ शहरात आलेलं जोडपं. इमारतीत कोणी हसत नाही, दुकानातली बाई खेकसते असं वाटतं, आणि ‘आम्ही यांना नकोसे आहोत का’ ही शंका मनात घर करून बसली आहे. त्यातच नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने येत्या रविवारी आईवडिलांच्या घरी जेवायला बोलावलं आहे. दोघं शाकाहारी, दारू न घेणारी. काय न्यायचं, कसं वागायचं?

मला हे दोन प्रश्न वाटत नाहीत. पोलंडमध्ये ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांच्यामध्ये एक जाड उंबरठा असतो. बाहेर माणूस मोजकं बोलतो, अनोळख्याकडे बघून हसत नाही, अंतर राखतो. आत गेलात की तोच माणूस चौथ्यांदा वाढतो आणि ‘तुम्ही तर काहीच खाल्लं नाही’ म्हणतो. तिथल्या बहुतेक रीती हा उंबरठा कधी, कसा आणि कोणाच्या पुढाकाराने ओलांडायचा, याच्याच आहेत.

अर्थात बरंच काही वयावर आणि गावावर अवलंबून आहे. आयटीत काम करणारं पंचविशीतलं पोर आणि छोट्या गावातलं निवृत्त जोडपं यांची शिस्त एक नसते. खाली जे सांगतो आहे ते थोडं जुन्या वळणाचं आहे, आणि ते मुद्दाम. जास्त औपचारिक वागलात तर यजमान हसून ‘अहो, सोडा हे’ म्हणतात. कमी औपचारिक वागलात तर कोणी काही बोलत नाही, फक्त लक्षात ठेवतात.

आधी हसण्याचं. अनोळख्याकडे बघून हसलं की पोलिश माणसाला प्रश्न पडतो, ‘मी ओळखतो का याला? की माझ्या तोंडाला काही लागलंय?’ चेहरा कोरा असणं म्हणजे राग नव्हे. पण त्याची भरपाई एका शब्दाने होते: ‘जेन दॉब्री’, म्हणजे नमस्कार. जिना, लिफ्ट, छोटं दुकान, दवाखान्यातली प्रतीक्षेची खोली, ट्रेनचा डबा, जिथे शिराल तिथे शिरणाऱ्याने म्हणायचं. वयाने लहान असलेल्याने मोठ्याला आधी म्हणायचं. संध्याकाळी ‘दॉब्री व्येचुर’, निघताना ‘दो विद्झेन्या’. शेजारी बोलत नाहीत ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न हाच असतो: तुम्ही जिन्यात जेन दॉब्री म्हणता का? उत्तर बहुधा ‘नाही, मान हलवतो’ असं असतं. मान हलवणं तिथे मोजत नाहीत. दवाखान्यात आणखी एक वाक्य लागतं, ‘क्तो ओस्तात्नी?’ म्हणजे ‘शेवटचं कोण?’ रांग डोळ्यांना दिसत नसते. प्रत्येकाला फक्त आपल्या पुढचा माणूस माहीत असतो. न विचारता दाराशी जाऊन उभे राहिलात, तर घुसखोर ठरता.

दुकानातली बाई खेकसत नाही, ती घाईत तेच दोन-तीन प्रश्न विचारते: पिशवी हवी का, आमचं ॲप आहे का, सुटे आहेत का. हे तीन प्रश्न ओळखता आले की तिचा सूर बदलल्यासारखा वाटतो. खरं तर आपला बदललेला असतो.

आता संबोधन, कारण रविवारी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होईल. पुरुषाला ‘पान’, स्त्रीला ‘पानी’. (हो, उच्चार आपल्या कानाला हिंदीतल्या पाण्यासारखाच वाटतो, पहिले चार दिवस हसू येतं.) पान किंवा पानी म्हटलं की क्रियापद तृतीयपुरुषी येतं. आपल्याकडे समोर बसलेल्या साहेबांनाच ‘साहेब चहा घेणार का?’ असं विचारतात ना, नेमकी तीच रचना. मराठी माणसाला ती इंग्रजीच्या आधाराने समजून घ्यायची गरज नाही. हाक मारताना पोलिशमध्ये संबोधन विभक्ती अजून जिवंत आहे: मारेकना ‘पान्ये मार्कु’, आन्नाबाईंना ‘पानी आन्नो’. पहिल्या नावाआधी पान-पानी लावणं सभ्य आहे. तोंडावर पान आणि आडनाव असं म्हणणं मात्र पोलिसी किंवा मास्तरी वाटतं. डॉक्टर, प्राध्यापक, संचालक यांना पद लावूनच बोलायचं.

यातून ‘ती’ म्हणजे आपल्या ‘तू’वर यायचं, तर तो प्रस्ताव वयाने मोठ्याने, हुद्द्याने वरच्याने किंवा स्त्रीने मांडायचा असतो. धाकट्याने तो मांडणं म्हणजे आगाऊपणा. एकदा ‘ती’वर आलात की परत ‘पान’वर जाता येत नाही, गेलात तर भांडण झालं असं समजतात. तुमच्या बाबतीत ऑफिसात पहिल्या दिवसापासून ‘चेश्च’ (मित्रांमधला नमस्कार) आणि एकेरी नाव चालत असणार. पण रविवारी टेबलावर त्याचे आईवडीलही असतील. त्याला एकेरी, त्यांना पान आणि पानी, एकाच जेवणात दोन्ही. तो आईला लाडाच्या नावाने हाक मारतो म्हणून तुम्ही मारायची नाही. काताझीनाची ‘काशा’ आणि माउगोझाताची ‘गोशा’ होते, पण तसं म्हणायची मुभा ती व्यक्ती स्वतः देते.

आता तयारी, आणि ती गुरुवारीच सुरू व्हायला हवी. कारण सोपं आहे. पोलिश रविवारचं ठरलेलं जेवण म्हणजे ‘रोसुव’, तासन्‌तास उकळलेलं कोंबडीचं सूप शेवयांसकट, आणि त्यानंतर ‘स्हाबोवी’, म्हणजे डुकराच्या मांसाचा पाव-चुऱ्यात घोळवून तळलेला तुकडा, बटाटे आणि कोशिंबीर. शिवाय 2018च्या कायद्यापासून बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात, वर्षातले मोजकेच रविवार त्याला अपवाद. झाप्कासारखी छोटी दुकानं, पेट्रोल पंप आणि औषधांची दुकानं काय ती उघडी. म्हणजे तुमच्या यजमानीणबाई शनिवारी बाजार करणार. दारात उभं राहून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ सांगितलंत, तर सकाळपासून राबलेली बाई तोंडघशी पडते, आणि उघडं दुकानही सापडत नाही.

सांगतानाही नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘मांस नाही’ म्हटल्यावर मासे, सूपचा अर्क आणि हॅमचे बारीक तुकडे ‘मांसात मोडत नाहीत’ असं समजणारे अजून भेटतात. म्हणून संदेशात चार गोष्टी वेगळ्या लिहा: मांस, मासे, सॉसेज-हॅम, आणि मांसाच्या अर्कावर केलेलं सूप, यातलं काही खात नाही. अंडं चालतं की नाही तेही लिहा. लगेच पुढे काय चालेल ते सांगा, कारण नुसते नकार वाचून समोरच्याला घाम फुटतो. ‘प्येरोगी रुस्क्ये’ (बटाटा आणि ताज्या पनीरसारख्या त्वारुगचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या), ‘नालेश्निकी’ (गोड त्वारुग भरलेली पातळ धिरडी), ‘प्लात्स्की’ (किसलेल्या बटाट्याची थालीपिठं), ‘मिझेर्या’ (काकडी आणि आंबट सायीची कोशिंबीर). यातलं काहीही घरी सहज होतं. एकच खोच आहे: प्येरोगींवर वरून ‘स्कफार्की’ म्हणजे डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे घालायची पद्धत आहे. उपाहारगृहातही ‘बेस स्कफारेक’ म्हणजे ‘स्कफार्कीविना’ सांगायला विसरू नका. आंबट ‘झुरेक’ सूपमध्ये सॉसेज असतंच, आणि लालभडक बीटचं ‘बार्श्च’ दिसायला निष्पाप असलं तरी अर्क कशाचा ते विचारा.

वेळेत एक सापळा आहे. निरोप ‘फ्पुव दो द्रुगिए’ असा आला, तर शब्दशः ‘दोनकडे अर्धा’, म्हणजे दीड. ‘दोन’ हा शब्द ऐकून अडीचला पोहोचणारे कमी नाहीत. शंका आली तर आकड्यात विचारा, तिथे 13:30 असंच लिहितात. दिलेल्या वेळेला किंवा पाच-दहा मिनिटं उशिरा पोहोचा. लवकर मात्र नको, कारण शेवटची दहा मिनिटं यजमान घर आवरत असतात. पाव तासाहून उशीर होणार असेल तर कळवा.

फुलं विषम संख्येत न्या, तीन, पाच किंवा सात. सम संख्या अंत्यविधीची. आपण आहेर पन्नासचा न करता एक्कावन्नचा करतो, त्यामुळे हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. शेवंती नको, ती कबरीवर वाहतात. लाल गुलाब प्रेमाचे, तेही नकोत. फुलं घरच्या बाईच्या हातात द्यायची. फुलांची दुकानं रविवारच्या बंदीतून वगळलेली आहेत, म्हणून ती सकाळी ताजी घेता येतात. बाकी चॉकलेटचा डबा वगैरे शनिवारीच घेऊन ठेवा. स्वतः पीत नसाल तर वाइन न्यायचं बंधन नाही. घरी मुलं असतील तर त्यांच्यासाठी छोटंसं काही. आपल्याकडचा लाडू किंवा बाकरवडी भेट म्हणून आवडीने घेतात. पण जेवणाचा पदार्थ शिजवून नेणं, न विचारता, म्हणजे ‘तुमच्याकडे आमच्या खाण्याचं काही नसणार’ असं सांगणं होतं.

आता दार. दार उघडलं की हात पुढे करू नका, उंबरठ्यावरून हस्तांदोलन आणि नमस्कार-चमत्कार अपशकुनी मानतात. म्हातारी माणसं हे मनापासून मानतात, तरुण हसत हसत पाळतात. दोन्ही पाय आत आले की मग. शब्दाने नमस्कार पुरुषाने स्त्रीला आधी करायचा, पण हात आधी स्त्रीने किंवा मोठ्या माणसाने पुढे करायचा. हात घट्ट आणि नजर समोर. मऊ, अर्धवट हात तिथे अनिच्छेचा वाटतो. आपला हात जोडून नमस्कारही चालतो, पण समोरून हात आलाच तर तो घ्या. एखादे आजोबा बाईंच्या हाताचं चुंबन घेण्यासाठी वाकतील. ती जुनी अदब आहे, हात झटक्याने मागे घेऊ नका.

बूट काढायला आपण आपणहून वाका. यजमान ‘न्ये त्शेबा’ (गरज नाही) म्हणाले तर एकदा ‘नको, काढतोच’ म्हणा. पुन्हा म्हणाले तर राहू द्या, त्या घरी खरंच नको असतं. बहुतेक घरांत ‘काप्चे’, म्हणजे घरात घालायच्या सपाता, पुढे येतील. मोजे धड असावेत हे आपल्याला सांगायला नको.

टेबलावर सगळ्यांना वाढून होऊन ‘स्माच्नेगो’ (जेवण चवीने होवो) म्हटल्याशिवाय सुरुवात करायची नाही. आणि मग आग्रह. पोलिशमध्ये म्हण आहे, ‘झास्ताफ शे, आ पोस्ताफ शे’, म्हणजे स्वतःला गहाण टाक पण पाहुण्यापुढे थाट मांड. आपण ऋण काढून सण म्हणतो ते टोमण्याने, ते मात्र थोड्या अभिमानानेही म्हणतात. पहिला नकार सभ्यपणा समजला जातो, दुसराही. म्हणून पहिल्यांदा वाढून घेताना हात आखडता ठेवा, म्हणजे दुसऱ्या वाढीला जागा राहते. ताट संपवणं ही दाद असते.

इथे एका शब्दाने घात होतो. काही देऊ केल्यावर नुसतं ‘जेन्कुये’ म्हणजे धन्यवाद म्हटलंत, तर त्याचा अर्थ ‘नको’ होतो. हवं असेल तर ‘पोप्रॉशे’ म्हणायचं. भुकेलेला पाहुणा नम्रपणे जेन्कुये म्हणतो आणि चहाचा पेला पुढे निघून जातो! हाच शब्द उपाहारगृहात पैसे देताना म्हटलात की ‘उरलेले ठेवा’ असा अर्थ होतो. सुटे परत हवे असतील तर ते हातात पडेपर्यंत धन्यवाद म्हणू नका. बक्षिशी सुमारे दहा टक्के पुरते. आणि तिसरं, बोलण्यात वारंवार ऐकू येणारं ‘नो’ म्हणजे इंग्रजीतला नकार नव्हे, ते ‘हो, हं’ आहे. नकाराला ‘न्ये’.

चहा काळा येतो, लिंबाची फोड घालून. दूध मागितलंत तर मिळेल, पण दुधाच्या चहाला तिथे ‘बावार्का’ म्हणतात आणि तो बाळंतिणीचं पेय म्हणून ओळखला जातो. तेव्हा मागताना यजमानांच्या चेहऱ्यावरचं हसू समजून घ्या.

व्होडका थंड, नुसती, छोट्या पेल्यातून एका घोटात घेतात. पीत नसाल तर पहिल्याच वेळी स्पष्ट सांगा: ‘न्ये पिये’ (मी पीत नाही). गाडी चालवायची आहे हे कारण सगळ्यात बिनतोड, कारण रक्तात 0.2 प्रति हजार इतकं प्रमाण गेलं तरी कारवाई होते. चुकतं ते ‘बरं, थोडीशी’ म्हणण्यात. रिकामा पेला आपोआप भरला जातो आणि दुसऱ्या खेपेचा नकार पहिल्याहून दसपट अवघड असतो. सरबताचा किंवा ‘कॉम्पॉत’चा (उकळलेल्या फळांच्या पाण्याचा) पेला उचलून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून ‘ना ज्द्रोव्ये’ (तब्येतीसाठी) म्हणालात की तुम्ही पंगतीत आहात.

गप्पांत ‘कसे आहात’ हा प्रश्न खरा प्रश्न असतो. उत्तरात पाठदुखी, घराचा हप्ता, सरकारी कचेरी, सगळं येईल. कुरकुर करणं हा जवळीक साधायचा मार्ग आहे. त्यावर ‘आमचं सगळं मस्त’ म्हणालात तर गप्पा तिथेच थांबतात. आपलीही एखादी बारीक कुरकुर जोडा, हवेबद्दल तरी. पोलंडला ‘पूर्व युरोप’ न म्हणता ‘मध्य युरोप’ म्हणा. रशियाशी तुलना नको. आणि ऑश्विट्झसारख्या छावण्यांना ‘पोलिश छावण्या’ कधीही नाही, त्या व्याप्त पोलंडमध्ये जर्मनांनी चालवलेल्या छावण्या होत्या. ही शब्दांची किरकिर नाही, तिथे तो जखमेवरचा हात आहे. चर्च आणि राजकारण हा विषय यजमानांनी काढला तर ऐका.

तुमच्याकडे मात्र एक विषय असा आहे जो दुसऱ्या कुठल्या पाहुण्याकडे नसतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेल्या पोलिश बायकामुलांना आपल्याकडे आसरा मिळाला. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. त्याआधी जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला पोलिश मुलांना ठेवून घेतलं होतं, आणि वॉर्सामध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे. वळिवडे कोल्हापूरपासून किती दूर, आज तिथे काय आहे, एवढी माहिती काढून ठेवा. आजीआजोबांच्या पिढीला हे सांगितल्यावर टेबलावर काय होतं, ते तुम्हीच पाहा.

जेवल्यावर लगेच उठू नका. केक आणि चहा बाकी असतो, तीनेक तास धरून चला. निरोपही दाराशी लांबतो, पण उंबरठ्याच्या आतच. उरलेलं जेवण बरणीत भरून हातात दिलं जाण्याची बरीच शक्यता आहे. बरणीला ‘सुओइक’ म्हणतात, आणि गावाहून आईच्या हातच्या बरण्या घेऊन वॉर्साला येणाऱ्यांना तिथले लोक चेष्टेने ‘सुओइकी’च म्हणतात. बरणी धुऊन परत करा. दुसऱ्या दिवशी आभाराचा संदेश, आणि महिन्या-दोन महिन्यांत परत बोलावणं. ते केलं नाहीत तर ओळख तिथेच थबकते.

इमारतीबद्दल थोडक्यात. रात्री 10 ते सकाळी 6 ही ‘चिशा नॉत्स्ना’, रात्रीची शांतता. मिक्सर, वॉशिंग मशीन, पाहुण्यांचं हसणं, सगळं त्यात आलं. शेजारी येऊन सांगण्याऐवजी पोलिसांना फोन करू शकतो, म्हणून घरी कार्यक्रम असेल तर आधी जिन्यात चिठ्ठी लावा. कचरा पाच डब्यांत: निळ्यात कागद, हिरव्यात काच, पिवळ्यात प्लास्टिक आणि धातू, तपकिरीत ओला, काळ्यात उरलेला. ऑक्टोबर 2025पासून खूण असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पेयांच्या कॅनवर 50 ग्रोशांची (अर्ध्या झ्वोटीची) अनामत असते. त्या चेपू नका, चेपलेली बाटली यंत्र घेत नाही. फोडणीचा वास जिन्यात जातो म्हणून स्वयंपाकघरातली किंवा न्हाणीघरातली वायुवीजनाची जाळी बंद करणारे असतात. तसं चुकूनही करू नका. जुन्या इमारतींत गॅसचा गीझर असतो, जाळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो. खिडकी उघडा, झाकण ठेवा.

ओळख रुजली की पुढची बोलावणी येतील. वाढदिवसाइतकाच ‘इम्येनिनी’ म्हणजे नावाचा दिवस मानतात, विशेषतः मोठ्या वयाचे लोक. 26 जुलैला आन्ना, 30 नोव्हेंबरला आन्द्झेय, 4 डिसेंबरला बार्बारा. कॅलेंडरवर छापलेलं असतं, आपलं नाव तिथे सापडणार नाही. ऑफिसात केक सत्कारमूर्तीने स्वतः आणायचा असतो, तेव्हा तुमच्या वाढदिवशी सहकारी आणतील याची वाट बघू नका. 1 नोव्हेंबरला सगळे कबरींवर दिवे लावायला जातात, त्या दिवशी ‘शुभेच्छा’ म्हणायचं नाही.

आणि डिसेंबरात ‘विगिल्या’चं, म्हणजे नाताळच्या आदल्या, 24 तारखेच्या संध्याकाळचं बोलावणं आलं तर शाकाहारी माणसाने मांसाची चिंता करायची नाही. त्या रात्री परंपरेने मांस नसतंच. बारा पदार्थ असतात, मासे भरपूर, तेवढं आधी सांगा. जेवणाआधी ‘ऑप्वातेक’ नावाची पातळ पांढरी पोळी हातात देतील. ती लगेच खायची नाही. प्रत्येकापाशी जायचं, त्याच्या पोळीचा तुकडा मोडून घ्यायचा, आपल्यातला मोडू द्यायचा, आणि त्या माणसासाठी एक खरी शुभेच्छा बोलायची, ठरावीक वाक्य नव्हे. ती मराठीत बोललात तरी चालेल. टेबलावर एक ताट रिकामं मांडलेलं दिसेल. ते विसरलेलं नसतं, न बोलावता दारात येणाऱ्यासाठी असतं, म्हणून त्यावर वाटी-चमचे ठेवू नका.